धवलारीण, पाच वर्षांचा अनुभव

१३ सप्टेंबर १९९८, रविवार

माझ्यात काहीही नाही. हे मी म्हणत नाही, टिपणीस सर म्हणतात — आणि हे ऐकायला मी फी भरलीय!

नौपाड्यात त्यांच्या राहत्या घराच्या हॉलमध्ये क्लास भरतो. एमबीएची लेखी परीक्षा, मग अर्ज, मग मुलाखत, सगळं शिकवतात. स्वतः तीनदा मुलाखतीपर्यंत गेले आणि तीनदा परत आले. "त्यामुळे कुठे चुकतं ते मला पक्कं ठाऊक आहे," असं छातीवर हात ठेवून सांगतात. आज माझा कच्चा फॉर्म दोन बोटांत धरला, जसा काही ओला आहे. "कॉम्प्युटर. प्रोग्रॅमर. वागळे इस्टेट. अहो, असे रोज येतात! पॅनेलवाले जांभया देतात. तुमच्यात वेगळं काय?"

मी खरंच विचार केला. सकाळी बाळकुमहून बस पकडते, वागळेला उतरते. अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ९८ लिहिलंय तिथे १९९८ करते. संध्याकाळी परत बस. २००० साल उजाडलं की त्यांचे कॉम्प्युटर त्याला १९०० समजणार म्हणे, आणि सगळे पॉलिसीवाले जन्मायच्या आधीच म्हातारे होणार. ते होऊ नये म्हणून मी रोज डबा घेऊन जाते. यात वेगळं काय? माझ्या ओळीत असे तीस जण बसतात.

"नाटक? खेळ? समाजसेवा?" नाही, नाही, नाही. "घरी कोण काय करतं?" बाबा फिटर होते, कारखाना बंद पडला, आता पेपर वाचतात. आई मासळी विकायची, गुडघे गेले. "आणि शेजारी आत्या असते. मंजुळाआत्या. ती धवलारीण आहे."

सर खुर्चीत पुढे सरकले. "काय आहे?"

मग समजावलं. आमच्यात लग्न लागायच्या वेळी भटजी येतात, ते आले की घड्याळ बघतात आणि जातात. पण त्याच्या आधीचं सगळं — मांडव, हळद दळणं, तांदूळ धुणं, देवांना आवतण — धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती धवला म्हणते तशी बायका कामं करतात. ती थांबली की सगळं थांबतं.

"म्हणजे दोनशे माणसांचं काम ती एकटी हलवते? कागद नाही, काही नाही? आणि घेते काय?"

"साडी. नारळ. सुपात तांदूळ."

"ना नफा तत्त्वावर!" सर उभेच राहिले. "आणि तुम्ही तिच्याबरोबर जाता." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, लहानपणी एकदा गेलेले, मांडवातच झोपून गेलेले. सरांनी माझ्याच पेनाने माझ्याच फॉर्मवर लिहिलं — धवलारीण (सहायक), पाच वर्षांचा अनुभव.

"झोपलात ते लिहू नका," म्हणाले.

१४ सप्टेंबर

पाच वर्षं. म्हणजे मी वीस वर्षांची असल्यापासून. तेव्हा तर मला हळदीला जायची इतकी लाज वाटायची की सबमिशन आहे सांगून घरी बसायचे!

२० सप्टेंबर

सरांचा हुकूम : "पॅनेल खोदून विचारतं. निदान पंधरा मिनिटं बोलता आलं पाहिजे. शिकून घ्या."

गेले आत्याकडे. आमचं घर आणि तिचं घर यात एक भिंत आणि एक पेरूचं झाड. आतोबा गेल्यावर ती माहेरी आली ती आलीच, मूलबाळ नाही. ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. "कं गो, आज इकरं कशी?" मी म्हटलं, आत्या, मला धवला शिकव.

अडकित्ता खालीच ठेवला तिने. मग भिंतीवरून ओरडली, "वयनी! आईक गो! पोरीला बुद्धी आयली!"

किती वर्षं ती कुणीतरी शोधतेय. गावातल्या पोरींना बँजो पार्टी पाहिजे, धवला म्हटला की तोंडाला पदर लावून हसतात. (मीही हसायचे. सगळ्यात जोरात.) आत्याने मला गावदेवीला नेलं, नारळ फोडला, माझ्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाली, "आजपासून तू माजी."

का शिकायचंय ते तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. नारळाचा तुकडा तसाच मुठीत घेऊन घरी आले.

४ ऑक्टोबर

माझा आवाज. बाबा पेपर घेऊन मागच्या दारी गेले. कुत्रा आधीच गेला होता.

आत्या म्हणते, "आवाज नंतर येल. आदी नावां शिक." आवतणात आधी देव येतात, मग ज्याच्या घरी लग्न त्याच्या घरचे गेलेले. नावानिशी! आजा, पणजा, त्यांच्या बायका, तान्हेपणी गेलेलं पोरसुद्धा. कोणी राहिलं तर ते रुसतं आणि मग लग्नघरात खीर करपते. बाळकुम, कळवा, माजिवडा, सगळ्या घरांची नावं हिच्या डोक्यात. मला माझ्या आजीच्या आईचं नाव आज कळलं. रमाबाई. खाडीत बुडाली होती म्हणे, कालवं काढताना. एवढी मोठी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

ज्या संस्थेत जायचंय तिचं नाव इथे लिहीत नाही. दृष्ट लागते.

९ ऑक्टोबर

शिफारसपत्र. साहेबांकडे गेले. "तूच लिहून आण, मी सही करतो. फार चांगलं लिहू नकोस, मला शोभलं पाहिजे."

१० ऑक्टोबर

स्वतःबद्दल चांगलं लिहायला बसले तर दीड ओळ झाली. शेजारच्या टेबलावरच्या काळुरामने वाचली आणि म्हणाला, तू लग्नाला उभी आहेस की कामावरून निघालीस? शेवटी त्यानेच लिहिलं. साहेबांनी वाचून माझ्याकडे बघितलं. "एवढी चांगली आहेस? मग तुला सोडून कसं चालेल?"

तासभर समजूत घातली. सही केली. त्यातही माझं आडनाव चुकवून.

१८ ऑक्टोबर

सगळ्या बाळकुमात पसरलंय — गुणाजीची पोरगी धवला शिकतेय. आणि त्याचा अर्थ सगळ्या बाळकुमाने एकच लावलाय : पोरीला लग्नाची घाई झाली. या आठवड्यात तीन स्थळं! आई इतकी खुश आहे की तिचे गुडघे दुखायचे थांबलेत. एक मुलगा दुबईला क्रेन चालवतो. आई म्हणते, उंचावर असतो.

मी म्हटलं, मला पुढे शिकायचंय. आई म्हणाली, "शिकतेयस ना, आत्याकडे!"

२५ ऑक्टोबर

निबंध. 'आपण नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा.' मी लिहिलं, आत्या हळदीला कशी बसते, बायका कशा जमतात. सरांनी लाल पेन काढलं. तांदूळ धुणाऱ्या बायका खोडलं, 'टीम' लिहिलं. रुसून बसलेली नवऱ्याची मावशी खोडलं, 'कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट'. देवांना आवतण यावर बराच वेळ पेन अडलं. मग त्यांनी लिहिलं, 'सर्व संबंधितांना विश्वासात घेणे'.

"पण सर, त्यातले बरेच मेलेले असतात."

"असू देत. पॅनेलला काय कळतंय!"

आणि ऑफिसच्या कामाबद्दल एकच वाक्य : 'येऊ घातलेले जागतिक संकट टाळण्यात मोलाचा वाटा.' हे सगळं वाचून मलाच माझा धाक वाटायला लागला. उद्या फॉर्म टाकायचा. टाकणार. मला त्या ओळीतून उठायचंय, बस्स. पन्नासाव्या वर्षी मी ९८ चे १९९८ करताना सापडता कामा नये.

२९ नोव्हेंबर

पहिली हळद, माजिवड्याला. आत्याच्या मागे बसून नुसता सूर धरायचा होता. धरला. आत्याने हळूच माझ्या मांडीवर हात ठेवला — वर नको, खाली ये. खाली गेले. तिथे आत्याचा आवाज होता, त्यात माझा मिसळला. दोन-तीन ओळी खरंच बऱ्या झाल्या. सगळ्या बायका दळत होत्या, जातं फिरत होतं. मी मुलाखतीचं विसरूनच गेले.

घरी येऊन आठवलं. 'टीमवर्क'खाली लिहून ठेवलं.

१३ डिसेंबर

लेखी परीक्षा झाली. गणितं बरी. इंग्रजीतल्या एका उताऱ्यात व्हेल माशांची हाडं होती, बाकी आठवत नाही.

१७ जानेवारी १९९९

पास!! मुलाखतीला बोलावणं! सर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी काय म्हटलं होतं ते मला चांगलं आठवतंय.

आत्याला सांगितलं नाही. मुलाखत मार्चमध्ये. तोवर ती खुश राहील, माझं शिकणं होईल. हे मी तिच्यासाठी करतेय की माझ्यासाठी, असं विचारू नये.

२१ फेब्रुवारी, रविवार

मी एका माणसाला मारलं. त्याच्या बायकोलाही.

काल कळव्याला हळद. आत्या म्हणाली, आवतणातलं पितरांचं तू म्हण, मी शेजारीच हाय. इतकी नावं पाठ होईनात म्हणून मी शहाणपणा केलेला — आत्याने तोंडी सांगितलेली सगळी घरं, गेलेले-जिते सगळे, शुक्रवारी ऑफिसात कॉम्प्युटरवर चढवली आणि प्रिंटआउट काढली. लांबलचक, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद. मांडवात तो उलगडला तेव्हा बायकांना वाटलं, आहेराची यादी आहे!

त्या घरात दोन दामाजी. मी म्हटलं, चुकून दोनदा आलंय. एकच नाव दोनदा दिसलं की एक उडवायचं, हा आमच्या धंद्याचा धर्म आहे. उडवलं. त्याच्यासमोरची बायको गंगुबाई उरलेल्या दामाजीला जोडली. हे काही माझ्या डोक्यात आलं नाही की आमच्यात नातवाला आज्याचं नाव ठेवतात.

तर मी सुरात, भावनेने गेलेल्या दामाजीला आणि गेलेल्या गंगुबाईला मांडवात यायचं आवतण दिलं. आणि मांडवाच्या कोपऱ्यातून, हळदीच्या हातांनी —

"अगो मेले! मी जित्ती हाय! इकरं बसलंय!"

नवऱ्याची आजी. शेजारी खुर्चीत दुसरा दामाजी, नवऱ्याचा आजा, विडी अर्ध्यावर. जातं थांबलं. बँजोवालासुद्धा थांबला. कुणीतरी म्हणालं, अपशकुन. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी प्रिंटआउटसकट आत जावं.

आत्याने श्वाससुद्धा घेतला नाही. माझ्या शेवटच्या शब्दावरच तिने सूर उचलला आणि जिवंतांना बोलवायला लागली. दामाजीला, गंगुबाईला, मग त्यांच्या पोरांना, सुनांना, आचाऱ्याला, मांडववाल्याला, बँजोवाल्याला त्याचं नाव विचारून. गेलेले पण या आणि जिते पण या. मांडवातला एकही माणूस सोडला नाही. ज्याचं नाव येई तो उगीचच सावरून बसे. शेवटी सगळेच आवतणात आले, मग कुणाला काय बोलता येणार?

दामाजी म्हणाला, "आवतान आयलाय ना? मंग मानाचं पान वाढा मना." हसू फुटलं आणि जातं परत फिरायला लागलं.

रिक्षाने खाडीपूल ओलांडून परत आलो. घराशी उतरताना आत्या म्हणाली, "कागद नको आनूस परत." मी अंधारात रडले. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. सर टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. "अपयश आणि त्यातून शिकलेला धडा! हा प्रश्न हमखास येतो! देवानेच पाठवलं!"

१७ मार्च

मुलाखत झाली. परतीच्या एसटीत लिहितेय, अक्षर नाचतंय.

तिघे जण. एक टक्कल पडलेले प्राध्यापक, एक टाय लावलेले कंपनीवाले आणि एक जे फक्त बिस्किटं खात होते. टायवाले म्हणाले, कॉम्प्युटरला एवढी मागणी असताना इकडे का? मी जागतिक संकट सांगितलं. तिघांनीही मान हलवली, कुणी काही विचारलं नाही. मग बिस्किटवाले म्हणाले, "लग्न झाल्यावर हे सगळं शिक्षण वाया जाईल असं नाही वाटत?" मी म्हटलं, माझ्याबरोबर पास झालेल्या मुलांना हा प्रश्न विचारलात का? टायवाल्यांनी कागद चाळले. मला वाटलं, संपलं. घरी जा, शालन.

मग टकले प्राध्यापक म्हणाले, "हे धवलारीण... पाच वर्षं?"

"हो." पापणीही हलली नाही.

"काहीतरी म्हणून दाखवा."

नुसतं असं म्हणता येत नाही, मी म्हटलं. लग्न कुणाचं आहे? ते हसले. म्हणाले, माझ्या मुलीचं, मे महिन्यात. मग तुमच्या वडिलांचं नाव सांगा. सांगितलं. आजोबांचं? सांगितलं. आजीचं? थांबून, पण सांगितलं. पणजीचं? ते छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, असू दे, आहेत तेवढ्यांना बोलावते.

बोलावलं. खालच्या सुरात, आत्याने शिकवलं तसं. वातानुकूलित खोलीत ती तीन नावं फिरली. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. बिस्किटवाल्यांनी बिस्कीट खाली ठेवलं. आणि टायवाले म्हणाले —

"छान. पण हे मोठ्या प्रमाणावर कसं नेता येईल?"

"नेलं होतं सर, कॉम्प्युटरवरून. एक जिवंत माणूस मेला." आणि कळव्याची गोष्ट सांगितली. तिघेही पोट धरून हसले. मीही हसले. आत्याला विकून खाल्ल्यासारखं वाटलं, पण हसले.

२४ एप्रिल

झाली निवड!!! झाली झाली झाली!

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. एवढंच लिहिते, यावरून काय ते कळेल. आई आधी रडली, मग म्हणाली, "तिथे बरी मुलं असतील ना?"

आत्या घरी नव्हती. हळदीला गेलेली.

२ मे

आज सांगितलं. सगळं. फॉर्म, टिपणीस सर, पाच वर्षं, सगळं. जूनमध्ये जाते, दोन वर्षं नाही, आणि पुढे कुठे असेन माहीत नाही. मी तुझ्याकडे शिकायला आलेच नव्हते आत्या. मला एक ओळ भरायची होती.

ती सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "मना कं धवला आवरत व्हता? सासू घराबाहेर सोडत नव्हती. धवलारनीला कोन अडवनार? म्हनून गेलंय मी शिकाया."

चाळीस वर्षं गातेय ही बाई, आणि आवडत नव्हता म्हणते!

"जा तू," म्हणाली. "शिक कं शिकायचं त्ये." आणि आत जाऊन तांदूळ पाखडायला बसली. रडली नाही. तिने रडावं असं मला वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

१६ मे

टिपणीस सरांनी पत्रक छापलंय, माझ्या फोटोसकट! 'ठाण्यातील धवलारीण देशातील अग्रगण्य संस्थेत!' स्टेशनपासून गावदेवी मैदानापर्यंत सगळ्या विजेच्या खांबांवर मी आहे. आणि पुढच्या बॅचच्या तीन जणांना त्यांनी सरळ आत्याकडे पाठवून दिलं, 'धवला, फास्ट ट्रॅक'!

तिघेही कॉम्प्युटरवाले. कल्याणच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "पुरुष धवलारीण चालतो का?" आत्या म्हणाली, आदी मिशीला हलद लाव, मंग बघू. तो परत आला नाही. दुसरीला सर्टिफिकेट कधी मिळतं ते हवं होतं, शक्यतो लेटरहेडवर. आत्याने तिच्या हातात खोबरं ठेवलं.

तिसरी मालविका, डोंबिवलीची. घरी मालू म्हणतात. माणसं साताऱ्याकडची, मासे खात नाहीत, आमच्या दारात आली तेव्हा वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बसली. मी तिला मोठेपणाने सल्ला दिला — पंधरा मिनिटं बोलता येईल एवढंच शीक, आवाजाच्या भानगडीत पडू नकोस, आणि आत्याला आधीच खरं सांग.

"सांगितलंय," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

१२ जून

उद्या निघायचं. बॅग भरली. आत्या निरोपाला नसेल, डोंबिवलीकडच्या गावात हळद आहे आणि मालूच्या ओळखीचं घर आहे. दोघी दुपारीच गेल्या. जाताना आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला हळदीचा वास होता. मालूने तिची पिशवी घेतली होती. ती पिशवी मी घ्यायचे.

११ जुलै

हॉस्टेल. इथे सगळेच वेगळे आहेत! एक जण मधमाश्या पाळतो. एकीने अंध मुलांना पोहायला शिकवलंय. एकाने हिमालयात शाळा काढली आहे. मेसमध्ये विचारलं, कुठे? म्हणाला, साधारण वरच्या बाजूला. प्रत्येकाच्या गावी एक टिपणीस सर असणार.

पहिल्याच आठवड्यात स्वागत समारंभ झाला, त्यात सगळे ओरडले — धवलारीण! धवलारीण! काहीतरी फोक होऊन जाऊ दे! मी कोणाचं लग्न आहे विचारलं. कोणाचंच नव्हतं. मग मी घसा बसलाय सांगितलं.

१९ सप्टेंबर

आईचा फोन. (फोन हॉस्टेलच्या जिन्याखाली आहे, मागे रांग.) मालू दर रविवारी येते. गावात आधी कुरकुर झाली, बाहेरची पोरगी आपल्या देवांना कशी बोलावणार म्हणून. आत्याने सगळ्यांना सांगितलं, देवांची कं तक्रार असंल त देव मना सांगतील. माजिवड्याच्या कुणा विमलाबाईंनी तर मालूला बोंबील खायला लावला. खाल्ला म्हणे.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"गोड आहे गं," आई म्हणाली, आणि मग तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. लगेच दुबईच्या मुलाचं काढलं. तो आता आणखी उंच क्रेनवर आहे.

१७ ऑक्टोबर

आज वर्गात 'वारसदार नेमणे' हा विषय होता. मोठ्या कंपन्यांत मालक गेल्यावर कसा गोंधळ होतो वगैरे. सरांनी मला विचारलं, तुमच्या मते वारसदार कसा निवडावा? मी म्हटलं, अनुभव बघून. सगळ्यांनी लिहून घेतलं.

१२ डिसेंबर १९९९, रविवार

आईचा फोन. आज लेखी परीक्षा होती. मालू बसली नाही. फॉर्मच भरला नव्हता म्हणे, टिपणीस सर दोनदा डोंबिवलीला जाऊन आले. काल कळव्याला हळद होती. आवतण तिने एकटीने म्हटलं, देवांपासून पितरांपर्यंत सगळं. आत्या नुसती शेजारी बसून पान खात होती.

मी आईला विचारलं, आत्या माझं काही विचारते का?

"तिला सवड कुठाय गं आता," आई म्हणाली.

मी छान छान म्हटलं आणि फोन ठेवला. खोलीत येऊन खूप रडले. मला ते हवं होतं, आत्याच्या शेजारी बसून आवतण म्हणणं. फॉर्मसाठी नाही, असंच हवं होतं.